पांढऱ्या पाटीच्या गाडीखालीही कोणीतरी जायला हवे : परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : खासगी मोटारींची ठरावीक मुदतीने सुरक्षा तपासणी

महोदय,

मुंबई आणि उपनगरांत गॅरेज चालवणारे, ब्रेक-सस्पेन्शनची कामे करणारे आणि व्हील अलाइनमेंटच्या मशीनवर दिवस काढणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. खासगी मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली तर आमच्याकडचे काम वाढेल, हे उघड आहे. म्हणून आधीच स्पष्ट करतो, की तपासून दाखला देण्याचा अधिकार आम्हाला मिळू नये, हीसुद्धा या पत्रातली एक मागणी आहे. तिचे कारण पुढे येईल.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना मात्र कलम ५६ खाली फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र, लागते. नव्या गाडीला दोन वर्षांचे मिळते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. आता एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. पिवळ्या पाटीची गाडी पंधरावे वर्ष संपायच्या आत दहा वेळा पासिंगला उभी राहते. पांढऱ्या पाटीची एकदाही नाही. रस्ता तोच, खड्डे तेच, पाऊसही तोच. कलम १९० प्रमाणे सदोष गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहेच. पण दोष कळायला आधी कोणीतरी गाडीखाली जावे लागते, आणि पंधरा वर्षे तिथे जाण्याचे बंधन कोणावरच नाही.

बऱ्याच मालकांना वाटते की पीयूसी म्हणजेच गाडीची तपासणी. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या तोंडात जाते आणि धूर मोजते. बीएस-४ पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आयडलिंगला ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असला की दाखला हातात पडतो. त्याच गाडीचा मागचा ब्रेक पाइप गंजून कागदासारखा झालेला असेल, तरी मशीनला त्याचा पत्ता लागत नाही. मशीनचा तो दोष नव्हे, तिला तेवढेच काम दिलेले आहे.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. ‘पेडल दाबले की गाडी थांबते ना, मग झाले,’ असे मालक म्हणतात. पुढच्या चाकाच्या डिस्कवर कॅलिपर बसतो आणि त्यात आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक असे दोन पॅड असतात. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, म्हणून दोन्ही पॅड साधारण सारखे झिजतात. त्या पिनांवरचे रबरी बूट फाटले की पावसाचे पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते, पिन गंजते आणि कॅलिपर जागच्या जागी जाम होतो. मग पिस्टन आतल्या पॅडला दाबत राहतो आणि बाहेरचा पॅड नुसता टेकून बसतो. अलॉय व्हीलच्या फटीतून वाकून पाहणाऱ्याला बाहेरचाच पॅड दिसतो, त्यावर सहा मिलिमीटर मटेरियल शिल्लक असते. आतल्या पॅडचे मटेरियल संपून लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागलेली असते. चाक खोलल्याशिवाय किंवा गाडी वर उचलून टॉर्च मारल्याशिवाय हे कळतच नाही. करकर आवाज येतो, पण काचा बंद, एसी चालू आणि गाणी लावलेली असताना तो ऐकणार कोण?

मागच्या ड्रमची गोष्ट याहून गुपचूप घडते. व्हील सिलिंडरचे रबर म्हातारे झाले की ब्रेक ऑइल झिरपून लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर, येते आणि त्या चाकाचा ब्रेक जवळजवळ जातो. पेडल मात्र पायाला ठीक लागते, कारण पुढचे ब्रेक भार ओढत असतात. बॉनेटखालच्या डबीतले ऑइल हळूहळू कमी होते, सर्व्हिसच्या वेळी कोणीतरी वरून भरतो आणि विषय तिथेच मिटतो. हँडब्रेकची केबलही मुंबईत लवकर सडते. चार-पाच दिवसांच्या झडीत हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी सहाव्या दिवशी हलत नाही, कारण लायनर ड्रमला चिकटलेले असतात. मग मालक हँडब्रेक वापरणेच सोडतात आणि गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करतात. काही महिन्यांनी ती केबल पूर्ण जाम झालेली असते आणि उतारावर गाडी धरायला गिअरशिवाय काही उरत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट-४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हा फरक जाणवत नाही. रविवारी लोणावळ्याहून परतताना, पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी बोरघाट उतरते तेव्हा डिस्क तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल सरळ तळाला जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलले की हा धोका टळतो. खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. तरीही सात-आठ वर्षे कारखान्यातलेच ऑइल भरलेल्या, चहासारख्या काळ्या पडलेल्या डब्या आम्हाला नेहमी दिसतात.

आता गाडीखालचा भाग. मुंबईच्या रस्त्यावर लोअर आर्मचे बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लिंक रॉड आणि बुश, म्हणजे चाक गाडीला जोडून ठेवणारे सांधे, यांचे आयुष्य कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले नसते. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक जिथे मिळतात तिथे चार बोटांची पायरी असते, आणि चाक त्यात आदळते तेव्हा पहिला मार याच सांध्यांना बसतो. बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटून आत पाणी गेले की गोळा गंजतो, झिजतो आणि आपल्या वाटीत खुळखुळू लागतो. शेवटी तो वाटीतून निसटतो, चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडते आणि गाडी जिथे असेल तिथे बसते. मेकॅनिक याला ‘चाक फाकले’ म्हणतात. पार्किंगमध्ये वळताना झाले तर फक्त गाडी उचलून न्यावी लागते. पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमध्ये झाले तर मागच्या गाड्यांनाही वेळ मिळत नाही.

हा दोष शोधायला एक माणूस पुरत नाही. चाक हवेत धरून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवावे लागते, दुसऱ्याने सांध्यावर बोटे ठेवून प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, अजमावायचा असतो. स्वयंचलित तपासणी केंद्रात यासाठी जमिनीत प्लेट असतात. चाके प्लेटवर, प्लेट बाजूला सरकते, तपासनीस खाली पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, टॉर्च घेऊन उभा. दोन मिनिटांत सगळे सांधे दिसतात.

गंजाचे तसेच. समुद्राच्या खाऱ्या हवेत, इमारतीखाली जागा नाही म्हणून बाराही महिने रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाडीचा पत्रा वरून चकाचक असतो. सडतो तो दाराखालचा सिल, पायांखालच्या मॅटखालचा फ्लोअर, सबफ्रेमचे टोक, पेट्रोल टाकीचा गळा आणि मागे जाणारे लोखंडी ब्रेक पाइप. त्यावर पुट्टी आणि काळे अंडरबॉडी कोटिंग मारले की डोळ्यांना सगळे नवेकोरे दिसते. तपासनिसाने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐकावा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला भदभद वाजतो आणि कधीकधी टोक सरळ आत जाते.

टायरबद्दल थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असे आहे, आणि टायरच्या खाचेतली उंचवट्याची खूणही तेवढ्याच उंचीची असते. ती रबराच्या बरोबरीला आली की टायर संपला. तो आतल्या कडेला आधी संपतो, कारण खड्ड्यांत आपटून अलाइनमेंट बिघडलेले असते आणि टायर तिरका घासत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला चार मिलिमीटर दिसतात, आत तारा निघालेल्या असतात. साइडवॉलवरचा फुगा आणि चार आकड्यांतला निर्मितीचा आठवडा-वर्ष हेही पाहावे. सोसायटीत उभ्या राहिलेल्या, वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर खाच शिल्लक असूनही रबर कडक होऊन तडकलेला असतो. ओल्या रस्त्यावर तो पकड घेत नाही.

हेडलाइटचा उपद्रव तर प्रत्येक मुंबईकर रोज रात्री सोसतो. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारू एलईडी किंवा एचआयडी बसवला की प्रकाश जिथून निघायला हवा तिथून निघत नाही, कटऑफ (झोताची वरची कड) राहत नाही आणि डिपरवर असूनही समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येतो. गाडीला ६०/५५ वॅटचा बल्ब मान्य असताना १००/९० वॅटचा घातला तर होल्डर वितळतो, वायर काळी पडते. हे तपासायला बीम मशीन लागते. डोळ्यांनी ‘लागते का, लागते’ एवढेच समजते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या या शहरात भरपूर आहेत. त्यांच्या सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे आणि तारखेची पाटी गाडीवर असावी लागते. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. पाटी पाहणे हे पंपावरच्या घाईतल्या पोरावर सोडलेले आहे. ती तपासणीच्या यादीत हवी, आणि सोबत सिलिंडरचे पट्टे, बुशिंग, डिकीतून बाहेर निघणारी व्हेंटची नळी आणि इंजिनकडे जाणाऱ्या पाइपचे क्लॅम्पही.

हे सगळे दोष एका माणसाला, एका उघड्या मैदानात, दहा मिनिटांत, डोळ्यांनी सापडतील का? आज खासगी गाडीची पहिली सरकारी तपासणी होते ती पंधराव्या वर्षी, नोंदणीचे नूतनीकरण करताना. नमुना २५ भरायचा, हरित कर भरायचा, गाडी घेऊन जायचे. चेसिस नंबरचा ठसा घेतला जातो, दिवे, हॉर्न, वायपर, टायर बघितले जातात, फारतर थोडी चालवून पाहिली जाते. जिथे पिट नाही, लिफ्ट नाही, तिथे निरीक्षकाने मनात आणले तरी यापेक्षा जास्त होणार नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० झाली. एवढे पैसे घेतल्यावर गाडी निदान एकदा जमिनीवरून वर उचलली गेली पाहिजे, असे मालकाने म्हटले तर त्यात चूक काय?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, की तपासणी मशीनच्या आकड्यावर व्हावी आणि तो आकडा मालकाच्या हातात पडावा. आकडा का, ते एका उदाहरणावरून सांगतो.

चालकासह ९२० किलो वजनाची एक हॅचबॅक रोलर ब्रेक टेस्टरवर, म्हणजे फिरत्या रोलरवर चाके ठेवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या मशीनवर, घेतली असे समजा. पुढचे डावे चाक १८५ किलो, पुढचे उजवे १२०, मागचे डावे ८०, मागचे उजवे ७५ असा ब्रेकचा जोर आला. एकूण ४६०, म्हणजे वजनाच्या ५० टक्के. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत जुन्या मोटारींसाठी उंबरठा ५० टक्क्यांचाच आहे, म्हणजे बेरजेने ही गाडी काठावर पास. पण पुढच्या दोन चाकांतला फरक पाहा. १८५ आणि १२० म्हणजे ३५ टक्के. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत तिथे ३० टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. ही गाडी कोरड्या रस्त्यावर थांबेल, चालकाला काही वाटणार नाही. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धुळीचा चिकट थर असताना जोरात ब्रेक मारला की ती डावीकडे ओढली जाईल. उजव्या कॅलिपरची पिन जाम आहे हे त्या १२० च्या आकड्यात लिहिलेले आहे. हँडब्रेकला तिथे किमान १६ टक्के लागतात. या गाडीला ते सुमारे १४७ किलो भरतात. हे चार-पाच आकडे छापलेला कागद मालकाने कोणत्याही मेकॅनिकपुढे ठेवला, तर कुठे हात घालायचा ते त्याला लगेच समजते, आणि ‘चारही डिस्क बदला’ असे सांगून कोणी त्याला फसवू शकत नाही.

आकड्याचा दुसरा फायदा असा की तो भाड्याने मिळत नाही. पासिंगपुरते चांगले टायर चढवायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे, हा प्रकार व्यापारी वाहनांच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. खासगी गाड्यांतही तो येईल. त्यावर उपाय म्हणजे चारही टायरचे आठवडा-वर्षाचे आकडे आणि खाचेची खोली फोटोसह नोंदवणे. एअरबॅगच्या दिव्याचीही लबाडी होते. एअरबॅग निकामी झाली की दिवा सतत पेटतो, म्हणून बल्बच काढून टाकतात किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडतात. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद पेटून विझायला हवेत. जो पेटतच नाही, तोही नापास, आणि जो शेजारच्या दिव्याबरोबर विझतो त्याच्यामागे स्कॅनर लावून पाहावे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्या गाड्या आता जुन्या होऊ लागल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न वाढतच जाणार.

दुसरी मागणी तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा ठेवण्याची. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले, त्यात केंद्राने दुरुस्ती किंवा सुट्या भागांची विक्री करू नये हे घातलेलेच आहे. खासगी गाड्यांसाठी ते जराही सैल होऊ नये. ज्याच्या हातात शिक्का त्याच्याच हातात पाना असेल, तर शाबूत लोअर आर्मही बाद ठरेल, हे आम्ही आमच्याच धंद्याबद्दल सांगतो आहोत. आणि उलटही होईल. ओळखीचे गिऱ्हाईक नाराज नको म्हणून सडलेला सिल पास होईल.

तिसरी गोष्ट दोषांच्या वर्गवारीची. पास किंवा नापास एवढ्या दोनच खणांत सगळे बसवले तर वायपरचे रबर तुटलेली गाडी आणि ब्रेक पाइप गळणारी गाडी एकाच रांगेत येतात. तीन प्रकार पुरेत. पहिला, लगेच रस्त्यावरून उतरवावी अशी गाडी : गळणारा ब्रेक पाइप, निसटायला आलेला बॉल जॉइंट, तारा निघालेला टायर, मुदत संपलेला किंवा सैल सीएनजी सिलिंडर. ती टो करूनच जावी. दुसरा, महिनाभरात दुरुस्त करून पुन्हा दाखवायचा दोष : ब्रेकमधला फरक, प्ले असलेला टाय रॉड, चुकीचा हेडलाइट, न अडकणारा सीट बेल्ट. पुन्हा तपासताना फक्त तोच भाग पाहावा आणि फी नाममात्र असावी. तिसरा, फक्त सूचना : पॅड तीन मिलिमीटरवर आले आहेत, टायर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाहीत, ब्रेक ऑइल जुने आहे. मालकांना खरे तर या तिसऱ्या यादीचाच सर्वांत जास्त उपयोग होतो, कारण तीच मोठा खर्च आणि अपघात दोन्ही आधी दाखवते.

काय तपासू नये, तेही ठरवून टाकावे. बंपरवरचा ओरखडा, फिका पडलेला रंग, फाटलेले सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांचा सुरक्षेशी संबंध नाही. यादी जितकी आखूड आणि नेमकी, तितकी एजंटला जागा कमी.

मुदत किती असावी? ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांवरच्या गाड्यांपासून सुरुवात झाली, आज तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी तपासणी असते. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या गाडीला तीन वर्षे आणि पुढे दर दोन वर्षांनी. आम्ही तेवढी घाई सुचवत नाही. कंपनीची वॉरंटी संपल्यावर गाड्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बाहेर पडतात आणि काहींची सर्व्हिस तिथूनच पातळ होते. म्हणून पहिली तपासणी सहाव्या वर्षी, मग बाराव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, हे मुंबईच्या हवामानाला धरून राहील. शिवाय सहा वर्षांहून जुनी गाडी विकली जाते तेव्हा, नमुना २९ आणि ३० सोबत, तीन महिन्यांच्या आतला तपासणीचा कागद जोडायला लावावा. पाण्यात बुडालेल्या गाड्या दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा धंदा त्याने बराच रोखता येईल. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून बघा. बुडालेल्या गाडीत त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली असते, कारण वरचा भाग धुतला जातो आणि रिळावरचा कोणी काढून धूत नाही. सीटखालच्या एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज दिसतो. पाच मिनिटांचे काम आहे.

आता क्षमतेचा हिशेब, कारण चांगले नियम बहुतेक वेळा इथे अडतात. एका लेनवर उत्सर्जन, दिवे, साइड स्लिप (चाके सरळ चालतात का ते), रोलर ब्रेक आणि पिट असे टप्पे एकामागोमाग लावले, तर दर बारा मिनिटांनी एक गाडी बाहेर पडते. प्रत्यक्ष कामाचे सात तास धरले तर दिवसाला ३५ गाड्या, वर्षाचे २९० दिवस धरले तर सुमारे दहा हजार. म्हणजे वर्षाला एक लाख गाड्या तपासायच्या असतील तर दहा लेन हव्यात, आणि चार गाड्यांमागे एक परत येते असे धरून बारा-तेरा. मशीन बंद पडण्याचे दिवस आणि कॅलिब्रेशनचे दिवस वेगळेच. ताडदेव, वडाळा, अंधेरी आणि बोरिवली या चार कार्यालयांच्या हद्दीत सहा वर्षांवरच्या किती खासगी मोटारी आहेत, हा आकडा आपल्या संगणकावर आहे. आधी तो प्रसिद्ध करावा, त्यावरून लेन ठरवाव्यात, जागा ठरवावी, आणि मगच तारीख जाहीर करावी. २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेट बसवताना एकाच वेळी सगळ्यांना बोलावले गेले, आणि मुदत पुन्हापुन्हा वाढवावी लागली. नंबरप्लेटला उशीर झाला तर फारसे बिघडत नाही. तपासणीत मात्र गर्दी झाली की बारा मिनिटांची तपासणी तीन मिनिटांवर येते, आणि तिथेच सगळा खेळ संपतो.

जागेची अडचण खरी आहे. व्यापारी वाहनांच्या ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक हवा असे मुंबई उच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा शहरात तेवढी सलग जमीन शोधताना काय त्रास झाला, हे आपल्या खात्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोटारींसाठी रोलर टेस्टर असला तर ट्रॅक लागत नाही. पन्नास-साठ फुटांची एक शेड, आत-बाहेर जाण्याचा वेगळा रस्ता आणि पाणी न साचणारा पिट एवढ्यावर भागते. पिटमध्ये पंप हवाच. जुलैत समुद्राला भरती आणि वरून पाऊस असताना खोलगट भागातला पिट विहिरीसारखा भरतो. नाशिकला स्वयंचलित तपासणी केंद्र याआधीच उभे राहिले आहे, तिथल्या अनुभवातून मशीनची देखभाल आणि रांगेचे नियोजन शिकता येईल.

लोकांच्या मनातली खरी भीती वेगळी आहे आणि तीवर मौन बाळगून चालणार नाही. तपासणी म्हणजे गाडी भंगारात काढण्याचा मागचा दरवाजा, असे अनेकांना वाटते. निवृत्त माणसाची, वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी, निगुतीने ठेवलेली अठरा वर्षांची गाडी आणि पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर पळालेली गाडी यांत वयाने पहिली म्हातारी, तब्येतीने दुसरी. मशीनला वय कळत नाही, ते या बाबतीत चांगलेच आहे. म्हणून आपल्या खात्याने लेखी जाहीर करावे, की या सुरक्षा तपासणीत नापास झालेली खासगी गाडी दुरुस्त करून कितीही वेळा पुन्हा आणता येईल आणि केवळ वयामुळे ती बाद होणार नाही. फी तपासणीच्या खर्चाएवढी असावी, महसूल मिळवण्याचे साधन म्हणून नको. जुन्या गाडीवर हरित कर आहे, नूतनीकरणाची फी आहे. त्यावर तिसरे ओझे आले तर माणूस कागद टाळेल, आणि कागद टाळणारी गाडी हीच सर्वांत धोकादायक गाडी असते.

फिटनेस आणि नोंदणीचे नियम केंद्राचे आहेत, याची आम्हाला कल्पना आहे. मुदतीतला बदल दिल्लीतूनच होईल आणि त्यासाठी राज्याने शिफारस पाठवावी. पण दिल्लीची वाट न पाहता तीन गोष्टी आपल्याला करता येतील. पंधराव्या वर्षीचे नूतनीकरण मुंबईत पिट आणि रोलर टेस्टर असलेल्या ठिकाणीच करावे. सहा वर्षांवरच्या कोणत्याही खासगी गाडीला स्वेच्छेने, माफक फीत, दंडाची भीती न ठेवता तपासून आकड्यांचा कागद देण्याची सोय एप्रिल-मे महिन्यांत, पावसाच्या आधी सुरू करावी. आणि त्या दोन महिन्यांत कोणते दोष किती गाड्यांत सापडले ते मॉडेलच्या वयानुसार जाहीर करावे, म्हणजे पुढची मुदत अंदाजावर ठरवावी लागणार नाही.

तपासणीची यादी, प्रत्येक भागाची मर्यादा आणि फोटोसह उदाहरणे मराठीत तयार करायची झाली, तर आम्ही बसून लिहून देऊ. झिजलेले पॅड, फुटलेले बूट, फाटलेले बॉल जॉइंट, सडलेले पाइप आमच्याकडे पिंपभर पडलेले आहेत. तपासनिसांच्या प्रशिक्षणासाठी ते विनामूल्य देतो. चांगला आणि बाद भाग शेजारी-शेजारी हातात घेतला की फरक बोटांना समजतो, त्यासाठी पुस्तक लागत नाही.

कळावे,

मुंबई शहर आणि उपनगरांतील काही गॅरेजचालक, मेकॅनिक आणि व्हील अलाइनमेंटचे कारागीर